मलबा म्हणून लिहिलेले दगड

सोपानमामा,

काल तुमच्या दहाव्याला मी आले होते. तुम्ही तीन वेळा फोन करून बोलावलंत तेव्हा आले नाही, आणि तुमच्या लेकीनं, मंदानं, एकदाच कळवलं तर सकाळची पहिली गाडी धरून आले. लासूर स्टेशनला उतरले, रिक्षावाल्याला तुमचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "बारववाले सोपानदादा व्हय? लई इमानदार माणूस हुता, बाई." आपल्याकडे माणसाला इमानदार व्हायला मरावं लागतं. दोन वर्षं याच गावात तुम्हाला चोर म्हणत होते आणि ते मला माहीत होतं. तुम्ही चोर नाही हे खात्रीनं सांगू शकेल असं एकच माणूस होतं, ते म्हणजे मी. आणि मी चिकलठाण्यात माझ्या घरात बसून होते.

घाबरू नका, रडत बसलेली नाही मी. तुम्हाला रडणारी माणसं आवडायची नाहीत आणि रडणारे इंजिनिअर तर मुळीच नाहीत. आपली ओळख झाली तीच मुळी मी रडत असताना. शहरातल्या एका जुन्या दरवाजाची दुरुस्ती चालू होती. मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, आणि तुम्ही मळलेला चुन्याचा अख्खा ढीग मी नापास करून टाकला होता, कारण माझ्या वहीतल्या वेळात तो घट्ट झाला नव्हता. मुकादम सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. मी चुना मळायच्या घाणीच्या मागं जाऊन डोळे पुसायला लागले तर तुम्ही काम थांबवून आलात आणि म्हणालात, "चुन्याचा हात डोळ्याला लावू नगा, बाई. मंग खरंच रडावं लागंल."

मग तुम्ही मला थापी हातात धरायला लावलीत. चुना थापीला कसा धरून राहतो, गूळ जास्त पडला तर काय होतं, बेलफळाचं पाणी कधी घालायचं. चार वर्षांच्या शिक्षणात मला कुणी यातलं काही सांगितलं नव्हतं. मी वहीत उतरवून घ्यायला लागले की तुम्ही हसायचात. "लिवा, लिवा. वही भिजली की मंग आमच्याकडंच याल." माझे वडील वैजापूरकडचे कांदेवाले शेतकरी आहेत हे कळल्यावर तर तुम्हाला चेष्टेला नवा विषय मिळाला. खतासाठी तुमच्या घरची मेंढरं आमच्यासारख्यांच्या रानात बसवली जायची. "तुमच्या बापाच्या रानात आमी उभ्या पावसात राखण बसायचो. आता तुमी छत्रीत अन् आमी उन्हात. काय बदललं सांगा बरं?" मी छत्री तुमच्या डोक्यावर धरली तर म्हणालात, "नगं, चुन्याला सावली करा. त्याला जास्त गरज हाय."

चिकलठाण्याला आम्ही घर घेतलं तेव्हा तुम्ही वास्तुशांतीला दुधाची एक जुनी किटली घेऊन आलात. माझ्या सासूबाईंनी तूप समजून ती देवाजवळ ठेवली. आत मुरवलेला चुना होता. "एक तरी भित घ्या याची," म्हणालात. नवरा हसला, पण मी हट्टानं स्वयंपाकघरातली एक भिंत तुमच्याकडून करून घेतली. बाकीच्या भिंतींचे पोपडे तीनदा निघाले. ती एक भिंत तशीच आहे.

आता त्या बारवेचं बोलते. ते बोलायचं म्हणूनच इतकं इकडचं तिकडचं सांगत बसले आहे.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या गावची नदी काठ सोडून आत शिरली. घरं गेली, कांदा गेला, जनावरं गेली, आणि नदीकाठची ती जुनी, पायऱ्यांची बारव काठोकाठ भरली. पाणी ओसरलं आणि दोन दिवसांनी तिची नदीकडची भिंत कमानीसकट आत कोसळली. पुरानं जुन्या वास्तूंचं किती रुपयांचं नुकसान झालं ते आठ दिवसांत कळवा, असं आमच्या कचेरीला वरून पत्र आलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी कंत्राटी. अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर मिळाली तर मिळाली. माझ्याकडं चौदा ठिकाणं होती, एक टेप, एक फॉर्म आणि दरसूची. घर पडलं तर त्याचा दर असतो, विहीर बुजली तर तिचा दर असतो. बारवेला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. ती 'इतर'मध्ये घालायची होती.

मी पोचले तेव्हा तुम्ही गुडघाभर गाळात उभे होतात. आठवडाभर तुम्ही एकट्यानं पडलेले दगड गाळातून मोकळे करून काठावर मांडले होते, आणि प्रत्येकावर गेरूनं, निळीनं, काजळानं खुणा केल्या होत्या. मी विचारलं हे काय, तर म्हणालात, "कळप मिसळला तर आपली मेंढरं कशी वळखायची? तसंच हाय." गेरूच्या पट्ट्या म्हणजे खालून कितवा थर ते. निळीचे ठिपके म्हणजे त्या थरात डावीकडून कितवा. काजळाची फुली म्हणजे कमानीचा दगड. लहानपणी त्याच बारवेवर कळप पाण्याला आणायचात तुम्ही, तेव्हापासून ती भिंत तुम्हाला पाठ होती. मी एक दगड सहज उचलून दुसरीकडं ठेवला तर माझ्या हातावर चापट मारलीत.

आणि ती भिंत पुरात न पडता पूर गेल्यावर का पडली, तेही तुम्हीच सांगितलंत. पाणी आत होतं तोवर पाण्यानंच भिंतीला टेकण दिलं होतं. पाणी उतरलं, मागची ओली माती मात्र भिंतीच्या पाठीवर तशीच राहिली, तिनं रेटा दिला. मी अहवालात ते जसंच्या तसं लिहिलं. वरिष्ठांनी त्याखाली रेघ मारून शेरा दिला, 'उत्तम निरीक्षण'. निरीक्षण कुणाचं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. पण ही चूक त्या मानानं बारीक आहे.

मोठी चूक चहा पिताना झाली. घरून मामींनी, गयाबाईंनी, किटलीभर चहा पाठवला होता. आपण काठावर बसलो होतो, मी फॉर्म भरत होते आणि तुम्ही वाकून बघत होतात. अक्षर लागत नव्हतं तुम्हाला, डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. म्हणून मी वाचून दाखवत गेले. गाळ काढणे, इतके घनमीटर. मलबा उचलून वाहून टाकणे, इतके घनमीटर. नवीन घडीव दगड पुरवणे, इतके.

तुम्ही कप खाली ठेवलात. "मलबा कंचा?"

"हा सगळा, मामा. पडलेला."

"ह्यो मलबा नाय, बाई. ही बारवच हाय, फकस्त पडलेली."

मी हसले. म्हटलं, मामा, फॉर्ममध्ये 'पडलेली बारव' असं लिहिता येत नाही.

"मंग नवे दगड कशापायी मागता? जुने हायेत की इथं. एक बी फुटला नाय कामातून जाण्याजोगा."

मी तुम्हाला समजावलं. जुने दगड आहेत असं लिहिलं तर नुकसान फक्त मजुरीचं दिसणार. रक्कम लहान दिसली की वर कुणी कागद उघडूनही बघत नाही. सगळं गेलं असं दाखवलं तर आकडा मोठा होतो, मोठ्या आकड्याला मंजुरी मिळते, आणि मग आलेल्या पैशातून आपण जुनेच दगड चुन्यात बसवू. तुमच्याच हातानं. मला ते फार हुशारीचं वाटत होतं, मामा. खरं सांगते, मला वाटत होतं की मी बारवेसाठीच हे करते आहे.

तुम्ही काठावरच्या एका दगडावर हात ठेवलात. मग म्हणालात, "कागदावर मेलेलं दाखवलं की लोक जाळायला येत्यात. तुमी मलबा लिवू नगा."

"बरं," म्हटलं मी. "नाही लिहीत."

आणि तुमच्या समोर त्या ओळीवर रेघ मारली.

कचेरीत आल्यावर मी फॉर्म स्वच्छ अक्षरात उतरवला. टेबलावर तेरा ठिकाणांचे आकडे होते, सगळे लठ्ठ, आणि त्यांच्यात आपली बारव मूठभर रकमेची दिसत होती. मी पेन हातात घेतलं. मग ती ओळ परत लिहिली. मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. वरिष्ठांचा दबाव नव्हता, ठेकेदाराची ओळख नव्हती. मीच लिहिली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते एकदा क्रमानं सांगू द्या. मंजुरी आली ती पहिल्या टप्प्याची. पहिल्या टप्प्यात दोनच कामं होती, गाळ काढणे आणि मलबा उचलून वाहून टाकणे. दगड बसवणं दुसऱ्या टप्प्यात होतं, आणि दुसरा टप्पा आजतागायत आलेला नाही. ठेकेदारानं कागदात होतं तेच केलं. जेसीबी लावला, डंपर लावले आणि काठावर मांडलेले तुमचे खुणांचे दगड भरून नेले. कुठल्या तरी प्लॉटिंगच्या भरावात गेले म्हणतात. मी नंतर तीन ठिकाणी जाऊन बघून आले. वर मुरूम, त्यावर रोलर फिरलेला. काही कळायला मार्ग नाही.

त्या दिवशी तुम्ही गावात नव्हतात. वैजापूरला मोतीबिंदूचं फुकट शिबिर होतं, मंदानं जबरदस्तीनं नेलं होतं. तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून परत आलात. फोनवर तुम्ही मला म्हणालात, "बाई, डोळा लई साफ झाला. नव्या डोळ्यानं पयलं काय बघितलं म्हनाल, तर झाडून काढलेली जागा."

मग म्हणालात, "ठेकेदार म्हनतो बाईंनीच मलबा लिवलंय. म्या त्याला चार लोकांत खोटं पाडलं. म्हनलं, बाईंनी माझ्या म्होरं त्या वळीवर रेघ वढली. बाई असं लिवणार नाय. तुमी एकदा या, अन् कागद दावा समद्यांना."

"येते मामा," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात येते."

तिथंच सगळं बिघडलं. तुम्ही माझ्यासाठी छातीठोकपणे उभे राहिलात, आणि त्यामुळंच अडकलात. कागदात मलबा नव्हता, असं तुम्हीच गावाला सांगितलंत. मग गावानं सरळ हिशोब केला. कागदात नसताना ठेकेदार दगड फुकट नेईल कशाला? त्यानं कुणाकडून तरी विकत घेतले असणार. दगडांजवळ आठवडाभर कोण बसलं होतं? खुणा करून, मोजून, कुणी मांडून ठेवले होते? आणि डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं? शिबिर फुकट होतं हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं, तरी लोक म्हणाले की दगड विकून डोळा केला. चोर म्हणतात एवढं मला तेव्हाच कळलं होतं, हा सगळा तपशील मंदा मला काल सांगत होती. कुणीतरी असंही म्हणालं म्हणे, की मेंढरं इकणाऱ्याला दगड इकायला काय लागतंय.

तुम्ही दुसऱ्यांदा फोन केलात तेव्हा मी मीटिंगमध्ये आहे असं सांगितलं. मी घरी होते, भेंडी चिरत होते. तिसऱ्या वेळी तुम्ही काहीच मागितलं नाहीत. म्हणालात, "काम असंल तुमाला. सवडीनं या." त्यानंतर फोन आला नाही.

का नाही गेले? नवी ऑर्डर निघायची होती, हे एक कारण. गावासमोर कागद उघडला असता तर तो कचेरीतही उघडला गेला असता. चांगले दगड मलबा म्हणून दाखवले कुणी, आकडा फुगवला कुणी, हे विचारलं गेलं असतं. पण ऑर्डर दोन महिन्यांत हातात पडली, मामा. त्यानंतरही मी आले नाही. तेव्हा नोकरीचं नाव पुढं करण्यात अर्थ नाही. मला तुमच्यासमोर यायचं नव्हतं, एवढंच. 'बाई असं लिवणार नाय' म्हणणाऱ्या माणसासमोर जाऊन 'बाईनंच लिहिलं' म्हणायचं नव्हतं.

एकदा तर तुम्ही दहा पावलांवर होतात. वैजापूरच्या तहसीलमध्ये, बाकावर, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. अंगातला सदरा सैल झाला होता. मी जिन्यावरून उतरत होते. तुम्हाला बघितलं आणि तशीच वर गेले, आणि मागच्या दारानं बाहेर पडले. तुम्ही मला पाहिलंत का? डोळा तर साफ झाला होता तुमचा. हा प्रश्न मी गेलं वर्षभर स्वतःला विचारते आहे आणि आता सांगायला तुम्ही नाही.

त्या दिवशी पाहिलं असेल तर, मामा, तुम्ही हाक का नाही मारलीत? मी तुमच्यावर उलटून रागावते आहे, माझं मलाच कळतंय. पण तुमची ती सवय मला कधीच पटली नाही. भिंत वाकडी गेली तर तुम्ही अख्खी साइट डोक्यावर घ्यायचात. माणूस वाकडा गेला की गप्प बसायचात. एक शिवी घातली असती फोनवर, तर मी कदाचित आले असते. कदाचित. खात्री नाही देत.

तुमच्या माझ्या वादात आणखी एक गोष्ट अर्धी राहिली आहे. त्या दिवशी चहा संपल्यावर तुम्ही बारवेतल्या देवळीकडं बोट दाखवून विचारलंत, हिची किंमत किती धरली? मी म्हटलं, कोरीव कामाचा चौरस मीटरचा दर आहे, तो लावला. तुम्ही म्हणालात, "दगडाची लावू नगा. तो बसवणाऱ्याची लावा. म्या मेल्यावर ही बारव कोण उभी करंल? ते नुकसान कुठं लिवता?" मी तेव्हा म्हटलं, मामा, तुम्ही काय पुरात वाहून गेला आहात का? आपण दोघंही हसलो. तुम्ही गेल्याचं कळल्यापासून मी तो फॉर्म तीनदा काढून बघितला. तुमच्या डोक्यात ती भिंत होती, थराथरानं, दगडादगडानं, आणि ती मी कुठंही उतरवून घेतली नव्हती. माझ्याकडं खुणांचे सहा फोटो आहेत. त्यांचा अर्थ अर्धाच लागतो.

आता मी नुकसानीचे कागद करते तेव्हा पडलेले दगड वेगळे लिहिते. 'मूळ दगड जागेवर जपून ठेवणे' अशी पहिलीच ओळ असते. रक्कम लहान येते, वरून विचारणा होते, मी भांडते. याबद्दल माझं थोडं नावही झालं आहे. परवा कुणीतरी मला विचारलं, ही पद्धत कुठं शिकलात? मी तुमचं नाव घेतलं.

तर काल. नदीवरचा विधी उरकला, माणसं उठायला लागली. मी मंदाला म्हटलं, मला सगळ्यांसमोर दोन शब्द बोलायचेत. तिला वाटलं, श्रद्धांजली. मी पिशवीतून फॉर्मची प्रत काढली. म्हटलं, बारवेचे दगड सोपानमामांनी विकले नाहीत. ते कागदात मलबा म्हणून लिहिलेले होते. लिहू नका म्हणून मामांनी मला बजावलं होतं. मी त्यांच्यासमोर खोडलं आणि माघारी जाऊन परत लिहिलं. ही माझी सही आहे.

झालं. इतकंच होतं बोलायला.

कुणी ओरडलं नाही, कुणी अंगावर आलं नाही. एक म्हातारे गृहस्थ खाली बघत म्हणाले, "जाऊ द्या बाई, हुतं असं." तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त वाईट बोलणारे जे होते म्हणे, त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मंग त्यो दुसऱ्या टप्प्याचा पैसा कवा येनार हाय?" मग पंगतीची घाई सुरू झाली आणि माणसं पांगली.

गयाबाई तेवढ्या उठल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. रागानं नाही, दमल्यासारखे.

"एवढंच हुतं व्हय, बाई?" त्या म्हणाल्या. "च्या निवायच्या आत बोलून झालं तुमचं. अन् एवढ्यासाठी ह्यो माणूस दोन वर्सं गावात चार माणसांत बसला नाय."

मी 'हो' म्हणाले, मामा.